पिल्लाला पार्वो झाला तर

पिल्लू खाईना, सारखे ओकू लागले आणि रक्ताची, घाण वासाची हगवण लागली, तर पार्वोची शंका घ्या. हा विषाणू १९७८ साली ओळखला गेला. या रोगात अंगातले पाणी संपून पिल्लू दगावते. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर सलाईन लावतात.

पिल्लाला पडवीत उबदार गोणपाटावर वेगळं ठेवा. ओकारी चालू असताना तोंडात काही कोंबू नका. घाण काढून ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी धुवा, हात साबणाने धुवा. हा रोग माणसाला होत नाही. पण आपल्या चपलांबरोबर दुसऱ्या पिल्लापर्यंत पोचतो, बरं का!

आपल्याकडच्या सावलीतल्या ओल्या मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून त्या अंगणात लस पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू आणू नये. लस ६ ते ८ आठवड्यांचं असताना सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात.