कूलर बंद करू नका

मे महिन्यातली संध्याकाळ होती. यवतमाळ दिवसभर भट्टीसारखं तापलेलं. नवे स्पीकर घरात येऊन आठवडाही झाला नव्हता, म्हणून चार मित्रांना गाणं ऐकायला बोलावलं. सगळे टेकले आणि मी उठून कूलर बंद केला. का, तर त्या घरघरीत तानपुरा बुडतो.

विलंबित ख्याल, एलपीची एक अख्खी बाजू, वीस-बावीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला एकाच्या कपाळावरचा घाम ओघळून हनुवटीवर आला. रुमालानं टिपत तो हळूच म्हणाला, "लाव ना बे कूलर, जीव चाल्ला." मी ओठांवर बोट ठेवलं. बाजू संपल्यावर अ‍ॅम्प्लिफायर, सुई, वायर यांवर अर्धा तास बोललो. पुढच्या वेळी बोलावलं तेव्हा एकाकडे पाहुणे निघाले, दुसऱ्याची शेतातली कामं. त्यानंतर मीच बोलावणं सोडलं.

ते अजून सलतं. मित्र हक्कानं घरी आले होते आणि मी त्यांना परीक्षेला बसवलं.

ज्यांना हा नाद आहे त्यांना कळकळीनं सांगतो, सुरुवात तीन मिनिटांनी करा. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तेवढाच वेळ मिळायचा आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तेवढ्यात राग उभा करायचे. नवख्या माणसाला तेवढं पुरतं. गौहर जान यांनी 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या लोकांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत सांगत. माझ्या एका वकील मित्राला रागाशी काही देणंघेणं नाही, पण ते ठसक्यात उच्चारलेलं नाव त्यानं तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं गाणंही ऐकलं. वसंतराव देशपांडे लावणार असाल तर आधी सांगा की त्यांचा जन्म 1920चा, मूर्तिजापूरचा. यवतमाळहून आपली शकुंतला रेल्वे जायची तेच मूर्तिजापूर. ऐकणारा जरा पुढे सरकून बसतो.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला की आवाज उत्तम लागतो, हे खरं. पण त्या त्रिकोणात माणूस एकच मावतो. पाहुणे असताना ती खुर्ची सरळ उचलून ठेवा. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे घ्या, नाहीतर तबला नुसता घुमत राहतो. मागच्या भिंतीला कापसाची गादी उभी करा. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे येणारा कर्कशपणा ती बराच पिऊन टाकते. आपल्या जिल्ह्यात गादीची काय कमतरता! हे सगळं मंडळी यायच्या आधी उरका आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नका. कोणी विचारलंच तर सांगा.

आणि बोलू द्या. 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर, 56 गाणी, माणसं एकेका रेडिओभोवती जमत राहिली. घरातल्या साध्या रेडिओवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह. माझी सगळी सामग्री त्या गर्दीपुढे मला थिटी वाटते.

खरी गोष्ट मात्र मला उशिरा सुचली. आपल्या आवडीचं ऐकवण्याआधी त्यांच्या घरात काय वाजायचं ते विचारावं. घाम टिपणाऱ्या त्याच मित्राला मी गेल्या हिवाळ्यात विचारलं. त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. मंडळाची एक कॅसेट घरी पडून होती, टेप बंद पडल्यापासून कोणी ऐकली नव्हती. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे तो रात्री नवाला आला, कॅसेट रुमालात गुंडाळून. मी डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट पेन्सिलनं दोन फेरे घट्ट केली आणि लावली. आधी नुसती खरखर, मग दहाबारा जणांचा एकदम उठलेला आवाज. त्यात उजवीकडे, जरा मागे, खंजिरीच्या झांजांची बारीक किणकिण.

तो उठून उजव्या स्पीकरजवळ गेला आणि खाली बसला.

"हा बाबाचा हात आहे," तो म्हणाला. "मागं घे ना थोडं."

मी मागं घेतलं.