आजार आहे तसा सांगा



विहारात वंदना आटोपली की आपण एकमेकांची विचारपूस करतो. "काय दादा, प्रकृती कशी?" "बरी आहे. जय भीम." संपले बोलणे. आणि हेच दादा रात्रीतून चार वेळा लघवीला उठतात, त्यांच्या तळपायाला मुंग्या येतात, आणि 'आता बरे वाटते' म्हणून महिनाभर मधुमेहाची गोळी त्यांनी घेतलेली नसते. घरच्यांना हे ठाऊक नाही. डॉक्टरांना तर नाहीच. तुमच्या घरात असे कोणी आहे काय? असेल तर हा पाठ सर्वांना ऐकू जाईल असा वाचा.

ताप येतो नि जातो. मधुमेह, रक्तदाब, दमा हे आले की मुक्कामालाच राहतात. त्यांच्यासह नीट जगायचे कसे, हा प्रश्न आहे. विनयपिटकाच्या महावग्गात या प्रश्नाला फार व्यवहारी उत्तर आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. या प्रसंगानंतर भगवंतांनी संघाला सांगितले, की कोणत्या रोग्याची सेवा सोपी असते आणि कोणाची अवघड.

ज्याची सेवा सोपी तो रोगी पथ्याचे तेच करतो. पथ्याच्या गोष्टीचेही प्रमाण ओळखतो. औषध घेतो. हितचिंतक शुश्रूषकाला आपला आजार खरा सांगतो. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच आहे तर तसाच आहे. आणि दुखणे सोसण्याचे बळ बाळगतो. पाहा, यात नवस नाही, अंगारा नाही, पूर्वजन्मीचे पाप तर नाहीच. चौथी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. गोळी गिळणे सोपे; 'मी गोळी घेतली नाही' हे सांगणे कठीण.

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण जाणतो. त्यांनी तो लपविला नाही. १९५१ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या ढासळत्या प्रकृतीविषयी स्पष्ट लिहिले आणि डॉक्टरांच्या स्वाधीन होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी इच्छा कळविली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजाराचा उल्लेख केला आणि आपल्याला जगविण्याचे श्रेय डॉ. मालवणकर व पत्नी डॉ. सविता यांना दिले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात आली नाही, म्हणून पुष्कळांना ती माहीत नाही. 'बाबासाहेबांनी कुठे दुखण्याची पर्वा केली? मग आपण का करावी?' असे काही कार्यकर्ते म्हणतात. हे म्हणणे मला पटत नाही. डॉक्टरांचे ऋण ज्याने लिहून ठेवले, त्याच्या नावावर गोळ्या चुकविणे योग्य नव्हे.

आता पथ्याच्या प्रमाणाविषयी. आपल्याकडे समज आहे की भाकरीने साखर वाढत नाही, गुळाने वाढत नाही, आणि कारल्याचा रस घेतला की सारे माफ. गूळ म्हणजे साखरच. ज्वारीची भाकरी चांगली आहे, पण तीन-चार खाल्ल्या तर रक्तातली साखर चढणारच. ताटात निम्मी जागा पालेभाजी-फळभाजीला द्या, डाळ किंवा उसळ पुरेशी घ्या, भात-भाकरी मोजून घ्या. रोज अर्धा तास झपाझप चाला. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याने जेवणाची वेळ मात्र चुकवू नये.

एक वही करा. शाळेतल्या मुलाची उरलेली वही चालेल. तारीख, साखरेचा आकडा, गोळी घेतली की चुकली, पायाला जखम आहे काय, एवढे लिहा. चुकली असेल तर 'चुकली' असेच लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, तो लिहील. तपासणीच्या दोन दिवस आधी जेवण आवरून डॉक्टरांना आकडा चांगला दाखविणारे पुष्कळ असतात. त्यासाठीच आता एचबीए१सी ही तपासणी आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तीत कळते. बहुतेकांचा हा आकडा ७ च्या आत असावा, पण वय आणि इतर आजार पाहून तो डॉक्टरांनीच ठरवावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

इन्सुलिन सांगितले की घरात रडारड होते. 'हे शेवटचे औषध' म्हणतात. तसे नाही. शरीरात स्वादुपिंड जे तयार करते तेच बाहेरून द्यायचे असते. माणसाला ते प्रथम १९२२ साली टोरांटो येथे दिले गेले. त्याआधी लहानपणी मधुमेह झालेले मूल फार काळ वाचत नसे.

औषध चालू असताना जेवण चुकले तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. अशा बाईला 'अंगात आले' म्हणून हळद-कुंकू लावून बसविले तर तिचा जीव जाऊ शकतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्या, मग जेवू घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना.

सेवा करणाऱ्याविषयीही भगवंतांनी सांगितले आहे: त्याला औषध करता यावे, घाणीची किळस नसावी, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, अधूनमधून रोग्याशी दोन शब्द बोलून त्याला उभारी द्यावी. ही सारी कामे सुनेची, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आईचे पाय रोज रात्री दिव्याजवळ घेऊन बोटांच्या बेचक्यांत जखम आहे काय हे पाहणे मुलालाही जमते. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही, म्हणून अनवाणी चालणे बंद.

शेवटी, प्रवासाविषयी. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण दोन-दोन दिवस वडापाववर काढतो. मधुमेह असलेल्याने तिघा दिवसांच्या गोळ्या, वही, साखरेची पुडी आणि फुटाणे जवळच्या पिशवीत ठेवावेत. इन्सुलिनची बाटली उन्हात तापू देऊ नये. घरी फ्रीज नसेल तर डबीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. आणि गाडीत बसतानाच शेजारच्या भावाला सांगावे: "दादा, मला मधुमेह आहे. मी घामाघूम होऊन बरळू लागलो तर ही साखर मला पाजा."