नखांवरचा चाँद : ईदच्या मेहंदीचा घरगुती धंदा

ईद जवळ आली की बार्शीच्या बाजारात कापड, बांगड्या, चपला आणि शेवयांबरोबर मेहंदीच्या कोनांचीही विक्री सुरू होते. वैराग, भूम, परांडा भागातील गिऱ्हाईकही येथे खरेदीला येते. अलीकडे मुलींची मागणी तळहाताबरोबर नखांच्या नक्षीचीही असते. चंद्रकोर, चांदणी, बारीक वेल असे काही नखांवर हवे असते. नेलपॉलिशने ही नक्षी झटपट होते; पण तिचा थर पाणी अडवतो, म्हणून वुजूसाठी ती काढावी लागते. मेहंदीचा लगदा धुऊन टाकला की मागे फक्त रंग राहतो, थर राहत नाही. म्हणून नमाजी घरांतून नखांच्या मेहंदीला मागणी आहे. घरबसल्या हा हुनर शिकता येतो व भांडवलही थोडे लागते. मात्र काही गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात.

माल कसा निवडावा

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो. तो त्वचेतील व नखातील केराटिनला घट्ट धरतो. राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत हे मेहंदीचे मोठे केंद्र असून २०२१ साली सोजतच्या मेहंदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कापणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. दिवाळीनंतर नव्या पिकाची पावडर मागून घ्यावी आणि उजेड, हवा लागणार नाही अशा डब्यात ठेवावी. केसांसाठी विकली जाणारी भरड पावडर कोनात अडकते. पावडर वस्त्रगाळ हवी.

१०० ग्रॅम पावडरीत लिंबाचा रस व पाणी थोडे थोडे घालून दह्यासारखा लगदा करावा. चमचाभर साखर घातल्यास लगदा नखाला चिकटून राहतो. निलगिरीचे तेल चमचाभर पुरे. रॉकेल, पेट्रोल किंवा टर्पेंटाईन कधीही घालू नये. आपल्या भागातील उन्हाळ्यात ४ ते ६ तासांत रंग सुटतो, थंडीत रात्रभर ठेवावे लागते. ईद दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे येते. २०२५ साली रमजान ईद ३१ मार्चला होती. २०३० साली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल. तेव्हा भिजवण्याची वेळ ऋतू पाहून ठरवावी. लगद्याचा ठिपका तळहातावर १० मिनिटे ठेवून पुसावा. नारिंगी डाग दिसला की माल तयार झाला.

नक्षीच्या दोन रीती

आधी जुनी नेलपॉलिश रिमूव्हरने पूर्ण काढावी, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. नखावर तेल राहिले तर रंग धरत नाही.

पहिली रीत चिकटपट्टीची. पट्टीतून लहान चंद्रकोर व चांदणी कापून ती नखावर दाबून बसवावी, कडा उचललेल्या नसाव्यात. वरून सगळ्या नखावर लगद्याचा जाड थर द्यावा. दोन-तीन तासांनी लगदा व पट्टी काढली की लालसर नखावर फिकट चाँद उमटतो. गिऱ्हाईक लगदा लावून घरी जाऊ शकते, म्हणून चांदरातीच्या गर्दीत हीच रीत सोयीची.

दुसरी रीत दुहेरी रंगाची. पहिला थर अर्धा तास ठेवून धुतला की नख फिकट नारिंगी होते. ते कोरडे करून बारीक तोंडाच्या कोनाने वेल किंवा जाळी काढावी व दोन-तीन तास ठेवावी. रेषा गडद उठतात. यात दोनदा बसावे लागते, म्हणून हे काम २७ व्या, २८ व्या रोजापर्यंत उरकावे.

नखावरची चूक पुसता येत नाही, म्हणून पहिला सराव स्वतःच्या नखांवर करावा. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंतच्या सुमारे ७० दिवसांत ते ७ मिलिमीटर पुढे सरकते. चाँद नखाच्या मुळाशी काढला तर तो बकरी ईदला वरच्या भागात दिसतो आणि खाली कोरे नख उरते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, म्हणजे कोरा भाग रंगवायला ती पुन्हा आपल्याकडेच येईल.

काळ्या कोनाला नकार द्या

पाच मिनिटांत काळा रंग देणारे कोन बाजारात मिळतात. शुद्ध मेहंदी कधीच असा रंग देत नाही. ती आधी नारिंगी उमटते व एक-दोन दिवसांत गडद होते. झटपट काळ्या रंगासाठी पुष्कळदा केसांच्या डायमधील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने काही जणींच्या हातावर फोड येतात, डाग राहतात. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यात केसांचा डायही सोसत नाही. फोड बहुधा काही दिवसांनी येतात, तोवर ईद होऊन गेलेली असते. मुलीच्या हाताची इजा तर होतेच, पण मोहल्ल्यात नाव मात्र कोन बनवणाऱ्या कंपनीचे न होता लावणाऱ्या भाभीचे होते. गिऱ्हाइकाने हट्ट केला तरी असा कोन वापरू नये. गेलेले एक गिऱ्हाईक परत येईल, गेलेला विश्वास येणार नाही.

तान्ह्या बाळांना मेहंदी लावू नये. जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. ज्यांचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण नखाचा हा रंग काढून टाकता येत नाही.

हिशेब

१०० ग्रॅम पावडरीतून २५ ग्रॅमचे साधारण १२ कोन होतात. नखांपुरते काम असेल तर एका कोनात चार-पाच जणींचे भागते. म्हणजे मालाचा खर्च थोडा, खरा खर्च वेळेचा. चाँदच्या नक्षीला एकीमागे २० मिनिटे धरली तर मगरिबनंतरच्या चार तासांत एका हाताने १२ जणीच होतात. शिलाई मशीनवर तासाला जेवढी कमाई झाली असती तिचा तिसरा हिस्सा, अधिक कोन व पट्टीचा खर्च, यापेक्षा कमी दर घेऊ नये. शेजारच्या खालांकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच घरगुती धंद्यात नेहमीच असतो. त्यावर उपाय म्हणजे दराचा कागद दारात लावावा आणि नावे आगाऊ लिहून घ्यावीत.

चाँद २९ ला दिसेल की ३० ला, हे आधी सांगता येत नाही. सगळा माल २९ साठी भिजवला आणि चाँद दिसला नाही तर उन्हाळ्यात लगद्याचा जोर दुसऱ्या दिवशी उतरतो. म्हणून निम्मे कोन भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत, तेथे ते काही महिने टिकतात. फ्रीज नसेल तर निम्मी पावडर कोरडीच ठेवून ३० च्या सकाळी भिजवावी.

हा धंदा केवळ दोन ईदपुरता नाही. नागपंचमीला, दिवाळीला आणि लग्नसराईत हिंदू भगिनीही मेहंदी लावतात. तेथे चाँदऐवजी कोयरी, पणती किंवा कमळ काढावे, रीत तीच. कोनावर तयार केल्याची तारीख आणि आत घातलेल्या वस्तू लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी. ज्यांचे बांगड्यांचे किंवा जनरल स्टोअरचे दुकान आहे त्यांनी घरच्या भगिनींचे असे ताजे कोन व कापलेल्या चाँदपट्ट्यांची पाकिटे २५ व्या रोजापासून मांडून पाहावीत. घरातील हुनराला दुकानाची जोड मिळाली तर दोघांच्याही कमाईत बरकत येईल.