‘वाक्य दुरुस्त करा’: मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये

मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आला की घरात हमखास ऐकू येतं, ‘गणित, बुद्धिमत्ता चांगली आहे हो त्याची, पण इंग्रजी कच्चं.’ मग आईवडील त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालतात. स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने हा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलण्याचा सराव आयुष्यात कामाला येईलच. पण चार पर्यायांतून वाक्य दुरुस्त करायला व्याकरण लागतं, आणि तेही ठरावीक जागांचं.

या गुणांचं वजन केवढं आहे ते आधी बघा. कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेच्या सध्याच्या पद्धतीत पहिला टप्पा फक्त पात्रतेपुरता असतो. दुसऱ्या टप्प्यात सर्वांना असलेल्या मुख्य पेपरच्या 390 गुणांपैकी 135 गुण इंग्रजीचे आहेत. प्रश्न 45, प्रत्येकी 3 गुण, चुकलं तर 1 गुण वजा. म्हणजे गुणवत्ता यादीतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा इंग्रजीचा, आणि अंदाजाने टिक करण्याची किंमत रोख मोजावी लागते.

दुरुस्तीच्या प्रश्नांत दोन जागा पुन्हा पुन्हा येतात: समांतर रचना आणि काळ. पहिलीत आपली मराठी मुलाच्या बाजूने उभी असते. ‘शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टू स्विम’ हे वाक्य पुष्कळांना बरोबर वाटतं. तेच मराठीत ‘तिला वाचायला, लिहायला आणि पोहणं आवडतं’ असं म्हणून बघा. शाळेतलं पोरही लगेच अडखळेल. ‘अँड’ने जोडलेल्या सगळ्या क्रियापदांचं रूप एकसारखं हवं, म्हणून ‘स्विमिंग’. ‘नॉट ओन्ली – बट ऑल्सो’चंही तसंच. ‘तो मराठीच नव्हे तर कोंकणीही बोलतो’ म्हणताना ‘च’ आणि ‘ही’ आपण भाषांच्या नावांनाच लावतो, बोलण्याला नाही. इंग्रजीतही ते शब्द तिथेच बसवायचे: ‘ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी.’

तुलनेत मात्र मराठी दगा देते. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी’ हे आपल्याकडे चालून जातं. इंग्रजीत हवेची तुलना हवेशीच करावी लागते: ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन दॅट ऑफ मुंबई.’ तो ‘दॅट ऑफ’ गाळलेला पर्याय वाचायला सहज वाटतो, आणि मुलं नेमकी तिथेच फसतात.

काळाच्या बाबतीत जास्त जपायला हवं. ‘मी काल बँकेत गेलो होतो’ असं आपण रोज म्हणतो. जाऊन परत आलो, एवढाच त्याचा अर्थ. मुलगा त्याचं ‘आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे’ करतो. नुसता ‘येस्टरडे’ असेल तर इंग्रजीला ‘आय वेन्ट’ पुरतं. ‘हॅड’ साधारणपणे तेव्हा लागतो, जेव्हा भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती ते सांगायचं असतं: ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आपण पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती. इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात आपला साधा वर्तमानकाळ असतो, इंग्रजीत मात्र ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ लागतं. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तर कधीच नाही. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो, जसं ‘सिन्स 2020’.

आणि दोन वेगळे काळ दिसले की चूकच असेल, असंही धरू नका. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज अराउंड द सन’ हे वाक्य बरोबर आहे. कायमचं सत्य वर्तमानकाळात राहू शकतं. अशा ठिकाणी ‘नो इम्प्रूव्हमेंट’ हा पर्याय निवडायचं धाडस हवं.

परदेशी एमबीएचा विचार असेल त्यांच्यासाठी एक सूचना. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या जीमॅट या प्रवेश परीक्षेच्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचा प्रकार काढून टाकला आहे. ताईदादांची जुनी पुस्तकं त्या भागासाठी उघडू नका.

तयारीसाठी गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एक वही बस्स आहे. चुकलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवायचं, खाली त्याचं मराठी लिहायचं आणि आपण मराठीच्या सवयीने चुकलो की नियम माहीत नव्हता म्हणून, तेवढं नोंदवायचं. सोडवताना आधी ‘येस्टरडे’, ‘सिन्स’, ‘बाय द टाइम’ असे वेळेचे शब्द आणि ‘अँड’, ‘दॅन’, ‘नॉट ओन्ली’ असे जोडणारे शब्द शोधायचे. पर्यायांकडे त्यानंतर बघायचं.

पालकांना एकच विनंती: शेजारचा कॉन्व्हेंटमधला मुलगा किती फाडफाड बोलतो, हे घरात काढू नका. त्याऐवजी रविवारी मुलाची ती वही मागा आणि त्यातलं एक वाक्य त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा.