पुढच्या दाताची कॅप : सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या मराठी घरांसाठी कृती

पटाशीच्या दाताला कॅप बसवायची म्हणजे तो दात चहूबाजूंनी तासून बारीक करायचा : समोरून साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर, टोकाकडून 1.5 ते 2. तासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून पहिली पायरी खुर्चीत बसण्याआधीची आहे. कॅप खरंच लागणार आहे का, ते विचारा.

नुसता कोपरा तुटला असेल तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून बहुधा एका बैठकीत काम होतं. समोरचा पृष्ठभागच खराब असेल तर व्हेनिअर, म्हणजे समोरून चिकटवायचा पातळ पापुद्रा, चालतं. दाताचा मोठा भाग गेलाय, केलेलं भरण पुन्हापुन्हा निघतंय किंवा रूट कॅनॉलनंतर दात फारच पोकळ उरलाय, तेव्हा कॅप हवी. रूट कॅनॉल झालं म्हणजे कॅप आलीच, हा दाढांचा नियम पुढच्या दातांना सरसकट लावू नये. शाळकरी मुलाचा दात खेळताना तुटला असेल तर थांबावंच. त्या वयात आतली नस मोठी असते, हिरडीची कडही अजून ठरलेली नसते. वाढ पूर्ण होईपर्यंत कॉम्पोझिटवर भागवणं शहाणपणाचं.

आता डॉक्टर. बुकित पंजांगला एचडीबीच्या ब्लॉकखाली आणि स्टेशनजवळच्या मॉलमध्ये दवाखाने आहेत. गुंतागुंतीची केस असेल तर प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कॅप-कवळीचा तज्ज्ञ, गाठायला डाउनटाउन लाइननं शहरात जाता येतं. नाव सिंगापूर डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत तपासून घ्या. पहिल्या भेटीत एक्स-रे झाल्यावर विचारा, की हिरडीच्या वर सगळीकडून किमान 2 मिलिमीटर निरोगी दात उरतोय का? कॅपची पकड त्या कड्यावर असते. ते नसेल तर कितीही महाग कॅप सैल होते, नाहीतर मूळच तडकतं. खर्च लेखी घ्या. त्यात तात्पुरती कॅप, लॅबकडून रंग बदलून आणायची वेळ आली तर त्याचे पैसे आणि 9 टक्के जीएसटी धरलाय का, ते पाहा. चास (CHAS) या सरकारी योजनेची सवलत फक्त नागरिकांना आहे. निळं किंवा केशरी कार्ड असेल तर कॅपला किती मिळेल ते आधीच विचारून ठेवा. पीआर किंवा वर्क पासवाल्यांनी कंपनीच्या विम्यात दातांचा भाग आहे का, ते वाचावं.

खर्चाचा आकडा पाहिला की पुण्या-मुंबईची आठवण येतेच. तिथे उत्तम काम होतं आणि ते स्वस्तही पडतं, त्यात वाद नाही. अडचण वेळेची असते. दिवाळीच्या दोन आठवड्यांत लग्नकार्य, फराळ, नातेवाईक आणि त्यातच पुढचा दात, हे मला पटत नाही. दाढेचं एक वेळ चालेल. पुढच्या दाताला मात्र तात्पुरती कॅप निदान आठवडाभर तोंडात वागवून पाहायची असते आणि पक्की बसल्यावर चावा जुळवायला एखादी फेरी लागते. तिकडेच करायचं असेल तर पोचल्या पोचल्या पहिली भेट ठरवा आणि कॅप चिकटवल्यावर परतीच्या विमानाआधी निदान चार दिवस मोकळे ठेवा. येताना एक्स-रेच्या फाइली, शेडचा नंबर आणि कॅप कशाची आहे ते लिहून आणा.

रंग ठरवणं ही या कामातली सगळ्यात नाजूक पायरी. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, आणि मग निदान दोन आठवडे थांबून शेड घ्यायची. कॅपवर ब्लीच चालत नाही. भूल देण्याआधी, दात तासण्याआधी, तोंड ओलं असतानाच शेड घ्यायला सांगा. तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो पांढरट दिसतो आणि शेड चुकते. लिपस्टिक पुसा, भडक कपडे टाळा. वेळ दिवसाची घ्या. इथे वर्षभर संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे ऑफिसनंतरची वेळ म्हणजे ट्यूबलाइटखालची शेड. शनिवारी सकाळी जा आणि शेडपट्टी दाताशी धरून खिडकीपाशी पाहा. शेजारच्या दातांसकट फोटो लॅबला जायला हवेत. तासलेला दात काळपट असेल तर त्याचीही शेड कळवायची असते, कारण लिथियम डायसिलिकेटच्या, म्हणजे ई-मॅक्सच्या कॅपमधून प्रकाश आरपार जातो आणि खालचा काळेपणा डोकावतो. झिर्कोनिया तो जास्त झाकतं. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप मजबूत असते, पण हिरडी जरा वर सरकली की कडेला करडी रेघ दिसू लागते. पुढच्या दाताला मी ती सुचवणार नाही.

तासण्याच्या दिवशी भूल असते, दुखत नाही. हिरडीत बारीक दोरा सरकवून कड मोकळी करतात, मग सिलिकॉननं किंवा स्कॅनरनं माप घेतात आणि तात्पुरती कॅप लावून घरी पाठवतात.

तात्पुरत्या कॅपकडे दुर्लक्ष करू नका, ती पक्क्या कॅपची तालीम आहे. लांबी जास्त वाटते का, ओठ नीट मिटतात का, हे आरशात आणि घरच्यांना विचारून पाहा. आणि मराठीत बोलून पाहा. त, थ, द, ध म्हणताना जीभ वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे टेकते. व म्हणताना दाताची कड खालच्या ओठाजवळ येते. डॉक्टर तुमची इंग्रजी ऐकून समाधानी होतील, पण कॅप मागून जाड असेल तर तुमचा ‘दादा’ आणि ‘तांदूळ’च ते सांगतील. जे खटकेल ते लिहून घेऊन जा. तात्पुरत्या कॅपला हळद चटकन धरते, कोपीचाही डाग पडतो. तेवढे दिवस फोडणीच्या वरणाऐवजी ताकभात, दहीभात, हॉकर सेंटरमधली कंजी. त्या दातानं काही तोडू नका. फ्लॉस वर ओढून काढू नका, बाजूनं सरकवून काढा.

पक्की कॅप आली की चिकटवण्याआधी हातात आरसा मागा आणि खिडकीशी जा. रंग, आकार, हिरडीपाशी फट, सगळं आताच पाहायचं. पटलं नाही तर स्पष्ट सांगा आणि लॅबकडे परत पाठवा; सिमेंट लागल्यावर ती काढायची म्हणजे कापूनच. मग रंगीत कागद चावून दाब तपासतात. समोरासमोर चावून आणि खालचा जबडा पुढे सरकवूनही पाहायला सांगा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड करून घ्या.

पुढे रोजची निगा : मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला फ्लॉस, कारण कॅप किडत नसली तरी तिच्या कडेखालचा दात किडतो. ऊस, चिक्की, कडक चकली पुढच्या दातांनी तोडायची नाही. तुकडा करून दाढेनं खायची. कॅप निघालीच तर धुऊन डबीत ठेवा, सुपरग्लू लावू नका आणि डबी घेऊन शक्यतो त्याच दिवशी दवाखान्यात जा.