जुनी किताब, जुनी सनद : लिलावाला नेण्यापूर्वी

भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत आणि पुढे पावसाळाभर मुंबई-नाशिककडील मंडळी मोठ्या संख्येने येतात. या गर्दीत आता एक वेगळा ग्राहकही असतो. तो विल्सन धरण पाहतो, रंधा धबधबा पाहतो आणि मग शेंडी-राजूरकडच्या घरांत चौकशी करतो की जुने काही आहे का, भांडी, नाणी, कागद? तांब्या-पितळेचा भाव आपल्या लोकांना माहीत आहे. कागदाचा माहीत नाही. त्यामुळे रद्दीपेक्षा चार पैसे जास्त मिळाले की आजोबांच्या पेटीतला गठ्ठा हातावेगळा होतो. तोच गठ्ठा पुढे कोणत्या बाजारात, कोणत्या दराने उभा राहतो याची खबर विकणाऱ्याला कधीच लागत नाही. या बाजाराची रीत आपल्या वाचकांना समजावी म्हणून हा लेख.

माझा धंदा कापडाचा. पण कापड आणि जुना कागद यांचे नाते जवळचे आहे. जुना हातकागद चिंध्या, सणाचे दोर आणि गोणपाट कुटून, त्यांचा लगदा करून बनत असे. जुन्नरचा कागद महाराष्ट्रात नावाजलेला होता. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याचा कागदीपुरा ही गावे-मोहल्ले याच कारागिरांच्या नावाने ओळखले जातात. आपण जशी सुताला खळ देतो तशीच या कागदालाही खळ देत, मग गुळगुळीत दगडाने घोटून त्यावर चकाकी आणत. म्हणूनच चांगला हातकागद तीन-चारशे वर्षे टिकतो आणि १९०० च्या आसपासचा लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद शंभर वर्षांत पापडासारखा तुटतो. बोटाने कापड ओळखणाऱ्याला हा फरक फार लवकर कळतो.

हाताने लिहिलेले की छापलेले?

पहिली गफलत इथे होते. घरात पणजोबांचा कुरआन शरीफ किंवा गुलिस्तां असते, अक्षर कातिबाचे दिसते, आणि सगळे समजतात की हे हस्तलिखित आहे, लाखो रुपये येतील. पुष्कळदा ते शिळाप्रेसचे, म्हणजे लिथोचे पुस्तक असते. कातिबाने एकदा लिहिले आणि दगडावरून शेकडो प्रती निघाल्या. लखनौचा नवलकिशोर छापखाना १८५८ मध्ये सुरू झाला आणि त्याने अरबी-फारसी-उर्दू किताबी घराघरांत पोहोचवल्या. मुंबईतही असे छापखाने होते. अशी प्रत आदराने सांभाळावी, पण ती दुर्मिळ असेलच असे नाही. जुने आणि दुर्मिळ हे दोन वेगळे शब्द आहेत. बाजार पैसे मोजतो ते दुसऱ्या शब्दाचे.

ओळखायचे कसे? हस्तलिखितात शाई कुठे दाट, कुठे फिकी असते, कारण कलम पुन्हा पुन्हा दौतीत बुडवलेले असते. लिथोत काळेपणा सगळीकडे सारखा असतो. दुसरे, पान तिरपे धरून उजेडात पाहावे. कातिब ओळी सरळ येण्यासाठी मिस्तर वापरीत. मिस्तर म्हणजे पुठ्ठ्यावर ताणून बसवलेले दोरे. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबले की ओळींचे वळ उमटत. ते वळ हस्तलिखितात अजून दिसतात.

छापील म्हणजे बिनकिमतीचे, असेही समजू नये. फिरिश्ता हा इतिहासकार आधी अहमदनगरच्या दरबारात होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तेथे त्याने आपला प्रसिद्ध फारसी इतिहास लिहिला. तो १८३१-३२ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला. ती पूर्ण प्रत आज ग्राहक शोधत येतील अशी आहे. तसेच आपल्या जिल्ह्याचे १८८४ चे इंग्रजी गॅझेटियर. त्यातील मजकूर आता कोणालाही फुकट वाचता येतो, तरी मूळ आवृत्ती, मूळ बांधणी आणि नकाशा जागेवर असेल तर संग्राहक पैसे देतो.

आधी वाचून घ्या

हस्तलिखिताचे शेवटचे पान सर्वांत आधी पाहावे. तेथे तरकीमा असतो, म्हणजे कातिबाचे नाव, गाव आणि लिहून संपवल्याची तारीख. पहिल्या-शेवटच्या पानांवर मालकांच्या मोहरा असतात. किताब पूर्ण आहे का हे पाहण्याची खूण पानाच्या खालच्या कोपऱ्यात सापडते. पुढच्या पानाचा पहिला शब्द तेथे लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर मधले पान गेले असे समजावे.

तारखेत मोठा घोळ होतो. कागदावर ११०० लिहिले असेल तर सन कोणता? हिजरी असेल तर ते १६८८-८९ साल. दख्खनी फसली असेल तर १६९०-९१. शुहूर सन असेल तर १६९९-१७००. एकाच आकड्याने दहा-अकरा वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्या काळात राजाराम महाराज जिंजीला जाऊन परतही आले होते! आपल्या उर्दू शिकलेल्या वाचकांना एक गंमत सांगतो. मोडीतील मराठी पत्रांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'मया व अलफ' म्हणजे शंभर आणि हजार, अकराशे. मोडी वाचणारा आणि अरबी अंक जाणणारा असे दोघे शेजारी बसले तर अर्धे काम घरीच होते.

कागद वाचल्याशिवाय भाव करू नये, कारण किंमत दिसण्यात नसते. भारत सरकारने २०१२ मध्ये गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतील मित्र कॅलनबाख यांच्यासंबंधीची पत्रे-कागदपत्रे लंडनच्या सदबीजकडून लिलावाआधीच विकत घेतली. सुमारे सात लाख पौंड मोजले. त्यात सोने नव्हते, चित्रकाम नव्हते, बहुतांश साधी पत्रेच होती.

आपल्या जिल्ह्याचे सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतील विजयाची ही फारसी पद्यकथा आफताबी नावाच्या कवीने लिहिली. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा सचित्र ग्रंथ मानला जातो. तो लंडनला किंवा डब्लिनला नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, आणि मंडळाने १९८७ मध्ये मूळ मजकूर भाषांतरासह छापला. त्यातील चित्रांत सुलतानाशेजारी बसलेली त्याची बेगम खुंझा हुमायून हिची आकृती मागाहून खरवडलेली आहे. पुढे ती सत्तेतून गेली, तेव्हा चित्रांतूनही गेली. आता कल्पना करा, हा ग्रंथ एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडता आणि त्याने ती डागाळलेली जागा रंगवून 'दुरुस्त' केली असती! म्हणून सांगतो, विकायच्या आधी काहीही सुधारू नये. चिकटपट्टी नको, कडा कापणे नको, नवी रेक्झिनची बांधणी नको, प्लॅस्टिकमध्ये चिकटवणे तर नकोच नको.

ताग्याचा आणि चिंधीचा भाव

कापडात पूर्ण ताग्याला जो भाव असतो तो तुकड्याला नसतो. जुन्या सचित्र किताबांत उलटे आहे आणि इथेच मोह होतो. इराणच्या शाह तहमास्पसाठी बनवलेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. अमेरिकेतील हूटन नावाच्या धनिकाने तो १९५९ मध्ये घेतला आणि पुढे त्याची पाने सुटी करून काही संग्रहालयाला दिली, काही लिलावात विकली. उरलेली ११८ चित्रे आणि बांधणी १९९४ मध्ये अदलाबदलीने इराणला परत गेली. त्यातले एकच पान २०२२ मध्ये लंडनला ८० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. हिशेब पाहिला तर पाने फाडणाराच फायद्यात. पण ती किताब आता जगात कुठेही नाही, फक्त तिची पाने आहेत. आपल्याकडे येणारे दलाल हेच गणित घेऊन येतात, 'चित्राची दोन पाने द्या, बाकी ठेवा.' दोन पाने गेली की उरलेल्याला संस्थाही नीट भाव देत नाही, कारण ती किताब आता अपुरी असते.

लिलावाची रीत

लिलाव आपल्याला नवा नाही. कांद्याचा, धान्याचा लिलाव आपण रोज पाहतो. शरीअतमध्येही वाढत्या बोलीची विक्री जायज आहे. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात नोंद आहे की मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाचे जाडेभरडे कापड आणि प्याला हुजूर (स.) यांनी स्वतः बोली करून दोन दिरहमला विकले आणि एका दिरहमचे अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला लावली. मनाई आहे ती नजशची, म्हणजे घेण्याचा इरादा नसताना भाव चढवण्यासाठी आपला माणूस उभा करण्याची. चांगली लिलावगृहेही विकणाऱ्याला स्वतःच्या मालावर बोली लावू देत नाहीत.

फरक असा की बाजार समितीत माल ढीग लावून जातो, इथे प्रत्येक नगाची कुंडली लागते. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल, ॲस्टागुरू अशी लिलावगृहे आहेत. त्यांचा मुख्य व्यवहार चित्रांचा, पण जुन्या वस्तू, छायाचित्रे, पुस्तकेही येतात. लंडनच्या सदबीजची तर सुरुवातच १७४४ मध्ये पुस्तकांच्या लिलावाने झाली. आधी फोटो आणि माहिती पाठवावी लागते. त्यांचा जाणकार कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा अंदाज देतो. त्यानंतर राखीव किंमत ठरते, तिच्या खाली माल सुटत नाही. विकणाऱ्याकडून अडत घेतात, ती बोलून कमी करता येते. घेणाऱ्याकडून हातोड्याच्या किमतीवर साधारण वीस टक्के किंवा त्याहून अधिक वेगळे आकारतात. म्हणून वर्तमानपत्रात छापलेला आकडा तुमच्या हाती पडणार असे धरू नये. फोटो, विमा, वाहतूक, माल परत आल्यास खर्च कोणाचा, हे सर्व करारात लिहून घ्यावे. नफ्यावरील कराचे आपल्या सीएला आधीच विचारावे.

राखीव किंमत हावेने चढवू नये. उघड्या लिलावात न विकला गेलेला नग लोकांच्या नजरेत उतरतो. पुढच्या खेपेला प्रत्येक जण विचारतो की मागे का गेला नाही? आमच्याकडे हंगामाला न खपलेला माल जसा पुढच्या वर्षी पडत्या भावाने काढावा लागतो, तसेच हे.

भाव सर्वांत जास्त वाढवणारी गोष्ट म्हणजे मालकीचा माग. ही किताब कोणाकडून कोणाकडे आली, याचे जुने पत्र, वाटणीपत्र, यादीतील नोंद असेल तर ती किताबीइतकीच जपावी. माग नसलेल्या मालाला मोठी संस्था हात लावत नाही. चोरीच्या मालाची भीती सर्वांनाच असते.

कायदा काय म्हणतो

१९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. इतर वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला फक्त ७५ वर्षांची. आपले विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्या कामाच्या काळातील एखादी हाताने लिहिलेली जमीन संपादनाची नोटीस कोणाच्या घरी असेल, तर तिने वयाची अट २००१ मध्येच ओलांडली. ती पुरावस्तू ठरते की नाही हा निर्णय पुरातत्त्व खात्याचा.

पुरावस्तू देशात विकता येते. देशाबाहेर खासगी माणसाला पाठवता येत नाही. पाठवल्यास किमान सहा महिने आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चित्रे किंवा नक्षीकाम असलेल्या हस्तलिखिताची नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावे लागते. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून दारात आलेल्या गृहस्थाला पहिला प्रश्न परवान्याचा करावा. परदेशी पाहुण्याला सामानात घालून देणे ही मेहमाननवाजी नाही, गुन्हा आहे. एकदा बाहेर गेलेले परत आणायला काय पडते ते २०२५ मध्ये दिसले. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारला लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घ्यावी लागली.

काय विकू नये

मशिदीच्या दिवाबत्तीची, दर्ग्याच्या उरुसाची, काझी-मुल्लांच्या इनामाची सनद असेल, किंवा देवळाच्या पूजेची असेल, तर ती लिलावाचा माल समजू नये. तो जमिनीचा पुरावा आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने केवळ वापराच्या आधारे वक्फ मानण्याची तरतूद पुढील काळासाठी काढून टाकली, त्यामुळे लेखी कागदाचे वजन आणखी वाढले आहे. फारसी आणि मोडी कोणाला वाचता येत नाही म्हणून हे कागद निरुपयोगी वाटतात. दलाल त्यावरील मोहरेचे पैसे देतो, आणि पंधरा वर्षांनी कोर्टात तोच कागद मागितला जातो. अशी सनद ट्रस्टच्या किंवा घराच्या नावे ठेवून तिची छायाचित्रे वेगवेगळ्या तीन ठिकाणी द्यावीत.

जे विकायचे नाही ते सांभाळावे लागते, आणि घाटघर-भंडारदऱ्याच्या पावसात ते सोपे नाही. दप्तरखान्यात गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात ते उगीच नाही, कापडात बांधलेला कागद श्वास घेतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजून बुरसतो. साधा मांजरपाट घ्यावा, पण कोरा नको. दोनदा उकळत्या पाण्यात धुऊन खळ काढावी, कारण कसर खळीवरच येते. भिंतीला लागून ठेवू नये. उन्हात वाळत घालू नये. काजळीच्या शाईला ओले फडके लावू नये. हिरव्या जंगाल रंगाची नक्षी असेल तर ती पाने जास्त उघडझाप करू नयेत. तो रंग कागद खातो आणि पान तेथेच तुटते.

विकायचे असो वा ठेवायचे, पहिले काम प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढण्याचे. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था येथे जाणकार भेटतात. हस्तलिखितांच्या नोंदीसाठी केंद्राचे राष्ट्रीय अभियान २००३ मध्ये सुरू झाले, आणि २०२५ मध्ये 'ज्ञान भारतम्' या नावाने त्याचा विस्तार जाहीर झाला. दाखवायला नेताना मूळ कागद मागे ठेवून घ्यायचे कोणी म्हटले, तर पानांची संख्या लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती हातात आल्याशिवाय दुकानाबाहेर किंवा कचेरीबाहेर पाऊल टाकू नये.