बाळाची हाडे मोठ्यांपेक्षा जास्त कशी?

प्रश्न : नवजात बाळाच्या शरीरात मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडे असतात, हे खरे का? मग जास्तीची हाडे जातात कुठे?

उत्तर : प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारणपणे २०६ हाडे असतात, नवजात बाळात ती २७० ते ३०० भरतात. आकडा नेमका सांगता येत नाही, कारण अर्धवट कठीण झालेल्या कूर्चेला हाड म्हणायचे की नाही, यावर मोजणी बदलते. जास्तीची हाडे नाहीशी होत नाहीत, एकमेकांना जुळतात.

कवटीच्या हाडांमध्ये जन्मतः फटी असतात, म्हणूनच प्रसूतीच्या वेळी डोके थोडे दबून बाहेर येऊ शकते. पुढची टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरते. कमरेखालचे पाच मणके जुळून एकच त्रिकास्थी बनते. हे काम विशीनंतरही चालू असते.

मांडीच्या हाडासारख्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो. उंची वाढते ती त्याच्यामुळे. पौगंडावस्थेच्या अखेरीस तो हाडात बदलला की उंची थांबते. मुलींमध्ये हे मुलांच्या आधी घडते. कॉलरबोनचे छातीकडचे टोक मात्र सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास जुळते.